जुने मदरबोर्ड : दोषशोधन, दुरुस्ती आणि फेरफार

जुन्या संगणकाचा मदरबोर्ड दुरुस्त करणे आणि त्यात फेरफार करणे ही दोन कामे सहसा वेगळी मानली जातात. दुरुस्तीने वस्तू मूळ अवस्थेत आणायची, फेरफाराने तिच्याकडून नवे काही करून घ्यायचे, अशी ही वाटणी. आयबीएम पीसी (१९८१) पासून १९९०च्या दशकातील ४८६ आणि पेंटियमपर्यंतच्या बोर्डांना ती नीट लागू पडत नाही. या बोर्डांवर गणन करणाऱ्या चिप बहुधा शाबूत असतात. दगा देतात ते बॅटरी, कपॅसिटर असे पोटात रसायन बाळगणारे भाग. त्यांचे आयुष्य कारखान्यातून बाहेर पडतानाच मोजके होते. तसाच भाग त्याच जागी पुन्हा बसवला, तर बिघाड फक्त काही वर्षे पुढे ढकलला जातो. त्यामुळे या क्षेत्रात टिकणारी दुरुस्ती थोडाफार फेरफार केल्याशिवाय होत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा घड्याळाच्या बॅटरीचा. आयबीएमने १९८४च्या पीसी एटीमध्ये तारीख-वेळ सांभाळणारी चिप दिली, तिची लिथियम बॅटरी मात्र बोर्डापासून दूर, पेटीत ठेवून तारेने जोडली. पुढे तैवानी बनावटीच्या २८६, ३८६ आणि ४८६ बोर्डांवर ३.६ व्होल्टची, पुन्हा चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली सर्रास आढळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जोडून विकले गेलेले असंख्य संगणक याच जातीच्या बोर्डांचे. ही बॅटरी म्हातारी झाली की फुटते आणि तिच्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते. तांब्याचे ट्रॅक हिरवे-निळे पडून तुटतात, द्रव आरपार भोकांतून खालच्या बाजूलाही पोचतो. बॅटरी बहुधा कीबोर्डच्या जोडणीशेजारी असल्याने कीबोर्ड कंट्रोलर आणि त्याचे सॉकेट पहिले बळी ठरतात. कमोडोरच्या अमिगा ५०० प्लस आणि अमिगा ४०००ची गतही हीच झाली. उपाय ठरलेला आहे: बॅटरी काढायची, अल्कधर्मी डाग पांढऱ्या व्हिनेगरने मारायचा, मग पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवायचे. त्यानंतर मल्टिमीटर लावून एकेक ट्रॅक तपासायचा आणि तुटलेल्या जागी बारीक तार जोडायची. नवी बॅटरी बोर्डापासून दूर ठेवावी. सीआर२०३२ सेल वापरायचा असेल, तर बोर्डाकडून येणारा चार्जिंगचा प्रवाह डायोडने अडवणे अनिवार्य आहे, कारण हा सेल चार्ज करण्यासाठी नसतो आणि तसे केल्यास तो फुटू शकतो. अनेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जोडणी आणि जम्पर आधीपासूनच असतो. तो वापरला की बोर्ड आयबीएमच्या मूळ रचनेच्या अधिक जवळ जातो. इथे फेरफारच मुळाशी प्रामाणिक ठरतो.

डॅलस कंपनीच्या डीएस१२८७ या घड्याळ-चिपमध्ये सेल आणि क्रिस्टल दोन्ही इपॉक्सीत गाडलेले असतात. गळतीचा धोका टळला, पण सेल संपला की अख्खी चिप निकामी. इपॉक्सी जपून खरवडून १६ आणि २० क्रमांकांच्या पिनांपर्यंत पोचायचे, आतला सेल तोडायचा आणि बाहेर नवा जोडायचा, ही पद्धत आता सर्वज्ञात आहे. दिसायला ओबडधोबड, कामाला चोख.

दोष शोधण्याचा क्रमही याच विचारातून ठरतो. आधी डोळ्यांनी पाहणी, मग वीज, मग संपर्क, आणि चिप सर्वांत शेवटी. मूळ आयबीएम पीसीचा, म्हणजे मॉडेल ५१५०चा, पंखा किंचित हलून थांबला, की १२ व्होल्टची रेषा आणि ग्राउंड यांतील रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल, तर थेंबाच्या आकाराचा एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेला असण्याचीच शक्यता मोठी; त्यामुळे पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेतो. सप्लाय जळाला असे समजून तो बदलणे ही इथली नेहमीची चूक. एटी पद्धतीच्या सप्लायच्या दोन जोडण्या लावताना काळ्या तारा मध्यभागी शेजारी याव्यात; उलट लावल्यास बोर्ड जळू शकतो. वीज ठीक असूनही पडदा कोरा राहिला, तर एटी आणि त्यानंतरच्या बोर्डांवर, ८०एच या पोर्टवर बायोस जे संकेतांक टाकते ते दाखवणारे आयएसए कार्ड उपयोगी पडते. आकडा एका जागी अडकला तर शोध कुठे करायचा ते कळते; आकडे मुळीच आले नाहीत, तर बायोसची चिप, क्लॉक, रीसेट आणि गळतीने तुटलेले ट्रॅक यांकडे वळावे.

यावर आक्षेप येतो की चिपही मरतात. मरतात, पण त्यातल्या अनेक मृत्यूंचे मूळ चिपबाहेर सापडते. सुरुवातीच्या ५१५०मधील ४११६ रॅमला +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. −५ गेले आणि १२ चालू राहिले, तर ती खराब होऊ शकते. कमोडोर ६४चा पॉवर अडॅप्टर बिघडला की ५ व्होल्टची रेषा वर चढते आणि रॅम मारते. म्हणून रॅम बदलण्याआधी अडॅप्टर मोजायचा. त्याच यंत्रातील पीएलए चिप मात्र तापून आपल्याच दोषाने जाते, हा अपवाद मान्य करावाच लागेल.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: रसायनच दोषी, तर सगळे कपॅसिटर एकदमच का बदलू नयेत? कारण प्रत्येक भाग उपटताना पॅड सुटण्याची जोखीम असते. आतले ग्राउंडचे थर उष्णता ओढून घेतात आणि घाईत भोकाचा धातू निघून येतो. साधारण १९९९ ते २००७ दरम्यानच्या सदोष इलेक्ट्रोलाइटच्या बोर्डांवर, तसेच मॅकिंटॉश एसई/३० किंवा अमिगा १२०० यांच्यासारख्या, पृष्ठावर बसवलेले कपॅसिटर गळणाऱ्या यंत्रांवर घाऊक बदल योग्य. फुगवटा, गळती वा मोजमापातला दोष नसलेल्या १९८०च्या दशकातील बोर्डाला तो न्याय लावू नये.

अस्सलपणाचा आक्षेप अधिक गंभीर आहे, परंतु तो बॅटरीला लागू होत नाही. ती शाईसारखी खर्चाची वस्तू. शिवाय मूळ प्रत्येक वेळी पूज्य असतेच असे नाही: १९९५च्या सुमाराच्या काही स्वस्त ४८६ बोर्डांवर कॅश म्हणून पोकळ प्लास्टिकचे तुकडे बसवलेले होते आणि बायोस पडद्यावर खोटीच कॅश दाखवत असे. कसोटी परत फिरता येण्याची असावी. ५२८ मेगाबाइटांची डिस्कमर्यादा ओलांडण्यासाठी एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस नेटवर्क कार्डाच्या रिकाम्या सॉकेटात बसवता येते; बोर्डाला हातही लागत नाही. ट्रॅक कापून केलेले बदल निदान नोंदवून, शक्य तर चित्र काढून ठेवावेत. फक्त जपून ठेवायच्या, कधीच न चालवायच्या नमुन्यात काहीही न बदलणे योग्य. निकेल-कॅडमियम बॅटरी तेवढी तिथूनही काढून वेगळी ठेवावी लागते.