परळमधला रक्तशोध

१९२८ साली डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या, तेव्हा इथल्या गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायका एका जीवघेण्या पंडुरोगाने दगावत होत्या. दिवस भरत येतील तसा चेहरा पांढराफटक पडे, चार पावलांत धाप लागे आणि बाळंतपण जिवावर बेते. बाळंतिणींच्या मृत्यूंचा शोध घेणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना बोलावून घेतले. परळची हाफकिन संस्था हे त्यांच्या कामाचे ठिकाण झाले.

विल्स तेव्हा चाळिशीच्या होत्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकून, पुढे लंडनमधून १९२० साली त्या डॉक्टर झाल्या होत्या. मुंबईत त्यांनी आधी जंतुसंसर्गाचा संशय तपासला. तो खरा ठरला नाही. मग त्यांनी थेट घराघरांतल्या ताटाकडे मोर्चा वळवला. सुखवस्तू घरांत हा आजार विरळा होता, तर गरीब मुस्लिम बायकांत सर्वाधिक. या बायकांच्या जेवणात भाज्या, फळे आणि प्रथिने जेमतेमच असत.

तोच आहार त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला. उंदरांना पंडुरोग झालाही, पण तपासाअंती दोष आहाराचा नव्हे, उवांतून पसरणाऱ्या जंतूचा निघाला. मेहनत वाया गेली, पण विल्स हटल्या नाहीत. त्यांनी माकडांवर प्रयोग केले. निकस आहाराने रक्त खालावलेली माकडे मार्माइटने सुधारू लागली. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्लंडात लोक तो पावाला लावून खातात.

हाच स्वस्त अर्क आजारी बायकांना दिला गेला. त्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. मार्माइट सुरू केल्यावर काही दिवसांतच नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या भराभर वाढे. १९३१ साली विल्स यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. यीस्टमधल्या त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

त्याच १९३१ साली उद्योगपती दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. ल्युकेमियावरच्या देशोदेशींच्या संशोधनाला हा ट्रस्ट पैसा पुरवतो. त्या काळी मात्र या रोगावर धड औषध नव्हते.

ते सापडले विल्स फॅक्टरच्या वाटेवर. १९४१ मध्ये अमेरिकेत टनावारी पालकातून फोलिक ॲसिड वेगळे काढण्यात आले आणि १९४५ मध्ये लेडर्ली या औषध कंपनीतल्या चमूने ते प्रयोगशाळेत बनवले. चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्स फॅक्टरची ओळख अशी पटली. रक्त सुधारणारे हे द्रव्य बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना देऊन पाहिले. आजार हटण्याऐवजी आणखी बळावल्यासारखा दिसला.

फार्बर यांनी या अपयशातूनच पुढचा विचार केला. फोलिक ॲसिडवर कर्कपेशी पोसत असतील, तर त्याचे काम अडवणारे द्रव्य त्यांची वाढ रोखेल. सुब्बारावांच्या चमूने तशी द्रव्ये बनवली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ मुलांना दिले. १० मुलांत सुधारणा दिसली. हा अहवाल जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुधारणा तात्पुरती होती, मुले पुढे दगावली. पण औषधाने मुलांमधला ल्युकेमिया मागे हटतो हे प्रथमच दिसले. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

ॲमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या मुलांना दिले जाते आणि फोलिक ॲसिडची गोळी गरोदर बायकांना. दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. विल्स १९६४ साली निवर्तल्या. ल्युकेमियाच्या औषधोपचाराचा इतिहास बहुधा बॉस्टनपासून सांगितला जातो. तो परळपासून सांगायला हवा आणि त्यात लूसी विल्स यांच्यासोबत, ज्यांच्या रक्तावर हा शोध लागला त्या मुंबईकर बायकांनाही मानाचे स्थान द्यायला हवे.