पेशीतले गंधक

वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत नत्राला अख्खे प्रकरण मिळते, स्फुरदाला दोन-चार पाने, आणि गंधकाची बोळवण बहुधा एका परिच्छेदात होते. वजनाच्या हिशेबाने यात गैर काही नाही. वाळवलेल्या पानात गंधकाचा वाटा साधारण 0.1 ते 0.5 टक्के भरतो. नत्र त्याच्या कितीतरी पट असते. पण प्रथिनांच्या घड्या पक्क्या करणारे बंध, प्रकाशसंश्लेषणात आणि श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारी लोह-गंधक केंद्रे, पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारे ग्लुटाथायोन, हे सगळे एवढ्याशा गंधकावर उभे आहे. आणि त्या साऱ्या गंधकाला आधी एकाच रेणूत, सिस्टीनमध्ये, शिरावे लागते. पुढची प्रकरणे या एका रेणूच्या घडणीविषयी आहेत.

हे काम प्राण्यांना जमत नाही. सल्फेट आपल्याही पोटात जाते, पण त्याचे क्षपण करून अमिनो आम्ल घडवण्याची यंत्रणा आपल्याकडे नाही. मेथिओनिन अन्नातूनच घ्यावे लागते आणि त्यापासून आपण आपले सिस्टीन करतो. डाळींच्या प्रथिनांत ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात, भातात त्या मानाने बरी. वरण-भाताची जोडी आहारशास्त्राला पसंत पडते त्यामागे हेही एक कारण आहे.

वाचकाने सुरुवातीला एकच आकडा ध्यानात ठेवावा: आठ. मुळे जमिनीतून सल्फेट उचलतात, त्यात गंधकाची ऑक्सिडीकरण-अवस्था +6 असते. सिस्टीनमध्ये ती −2 होते. म्हणजे प्रत्येक अणूमागे आठ इलेक्ट्रॉन पुरवायचे. सल्फेट मुलखाचे आळशी. सहजासहजी ते इलेक्ट्रॉन घेत नाही. म्हणून एटीपी सल्फ्युरिलेज हे विकर एटीपी खर्चून त्याला आधी क्रियाशील करते. या रूपाला थोडक्यात एपीएस म्हणतात. मग एपीएस रिडक्टेज ग्लुटाथायोनकडून दोन इलेक्ट्रॉन घेऊन सल्फाइट बनवते आणि सल्फाइट रिडक्टेज फेरेडॉक्सिनकडून उरलेले सहा घेऊन सल्फाइड. क्षपणाच्या या दोन्ही पायऱ्या लवकांतच होतात. पानात म्हणजे हरितलवकांत, जिथे उन्हाच्या जोरावर इलेक्ट्रॉन उपलब्ध असतात.

आज हे इतके सरळ लिहिता येते, पण मधली पायरी अनेक वर्षे वादात होती. ई. कोलाय हा जिवाणू एपीएसवर आणखी एक फॉस्फेट चढवतो आणि मगच क्षपण करतो. वनस्पतीही तसेच करतात की त्यांची वाट निराळी, यावर मते दुभंगली होती. 1996 मध्ये अमेरिकेत थॉमस ल्युस्टेक यांच्या आणि स्कॉटलंडमध्ये जॉन रे यांच्या गटाने जवळपास एकाच वेळी उत्तर दिले. युक्ती देखणी होती. सिस्टीन बनवण्याची क्षमता गमावलेले ई. कोलाय घ्यायचे, त्यांच्यात अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाची जनुके घालायची आणि सिस्टीनशिवाय कोण जगते ते पाहायचे. तगलेल्या जिवाणूंमधून जे जनुक हाती आले, त्याचे विकर एपीएसचे थेट क्षपण करणारे निघाले. या विषयात नव्याने येणाऱ्याने पाठ्यपुस्तकातल्या बाणांच्या आकृत्यांआधी हा प्रयोग समजून घ्यावा असे मला वाटते.

शेवटच्या पायरीवर गंधकाची गाठ कार्बन आणि नत्राशी पडते. सेरिन अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज हे विकर सेरिनपासून ओ-अ‍ॅसिटिलसेरिन बनवते. दुसरे विकर, ओ-अ‍ॅसिटिलसेरिन लायेज, त्यावर सल्फाइड बसवते. सिस्टीन तयार. ही दोन विकरे एकमेकांना चिकटून एक संकुल बनवतात, आणि इथे नवख्याची हमखास फसगत होते. संकुल म्हणजे कच्चा माल या हातातून त्या हातात देणारी जोडगोळी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात संकुलात शिरलेले लायेज निष्क्रिय असते: पहिल्या विकराचे शेपूट त्याच्या क्रियास्थानातच घुसून बसते. सिस्टीन बनते ते मोकळ्या लायेजकडून, जे भरपूर जास्त प्रमाणात असते. सल्फाइड मुबलक असले की संकुल टिकते आणि पहिले विकर जोमाने चालते. सल्फाइड कमी पडले की ओ-अ‍ॅसिटिलसेरिन साचते, संकुल सुटते, उत्पादन मंदावते. थोडक्यात, हे संकुल म्हणजे गंधक किती आले ते मोजणारा काटा आहे.

आणि हे सगळे घडते कुठे? सल्फाइड लवकांत तयार होते. अ‍ॅरॅबिडॉप्सिसच्या पानात लायेजचा मोठा वाटा लवकांत आणि पेशीद्रवात सापडतो, तर ओ-अ‍ॅसिटिलसेरिन बनवण्याची बहुतांश क्षमता तंतुकणिकांमध्ये. सल्फाइड हे तंतुकणिकांतल्या श्वसनाला विषासारखे, हे लक्षात घेतले तर ही मांडणी अधिकच चक्रावते. 2008 मध्ये हायडेलबर्ग इथल्या रुडिगर हेल आणि मार्कुस विर्ट्झ यांच्या गटाने एकेका ठिकाणचे लायेज बंद केलेली रोपे तपासली. एकही मेले नाही. पेशीद्रवातले किंवा लवकातले लायेज गेले तरी वाढ जवळपास नेहमीसारखी. तंतुकणिकेतले, जे प्रमाणाने सर्वांत थोडे, ते गेले तेव्हा मात्र रोप खुरटले. सल्फाइड, ओ-अ‍ॅसिटिलसेरिन आणि सिस्टीन हे तिन्ही रेणू पेशीच्या दालनांमधून ये-जा करतात, म्हणून एक जागा दुसरीची उणीव भरून काढते. याउलट सल्फाइट रिडक्टेजसाठी या रोपाकडे एकच जनुक आहे. ते पुरते बंद पडले तर रोप जगत नाही.

सिस्टीननंतर वाटा फुटतात. मोहरीचा झणका, लसणाचा वास, लासलगावच्या बाजारातल्या कांद्याचा तिखटपणा ही सगळी पुढची कारागिरी, आणि जमिनीत गंधक कमी असेल तर कांदा खरोखरच सौम्य निघतो. या रंजक रसायनांना इथे मुद्दाम शेवटी ठेवले आहे. त्यांच्या मागे लागलेला वाचक मूळ मार्गाकडे परत येत नाही असा अनुभव आहे.

शेतीशी संबंध असलेल्यांनी कमतरतेच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. नत्र कमी पडले की आधी जुनी पाने पिवळी पडतात, गंधक कमी पडले की बहुधा कोवळी. जुन्या पानांतले गंधक झाडाला तितक्या सहजपणे हलवता येत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी थेट सल्फाइट रिडक्टेजकडे वळावे, एका विकराने सहा इलेक्ट्रॉन कसे हाताळावेत ते तिथे दिसते. बाकीच्यांनी क्रमाने वाचावे, आणि विकरांची लांबलचक नावे पहिल्या वाचनात पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये.