खुडूक कोंबडी : बसवायची की उठवायची?

नायगाव, बिलोली, उदगीर भागात परसात पाच-दहा गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. कोंबडी नियमित अंडी देत होती, अचानक थांबली आणि खुराड्यातच बसून राहते. बहुतेक वेळा हा आजार नसतो, कोंबडी खुडूक झालेली असते. अशा वेळी तिला अंड्यांवर बसवायचे की उठवायचे, हा निर्णय पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्यावा. ती रिकाम्या जागेवर नुसती बसून राहिली, तर अंडीही बुडतात आणि पिल्लेही मिळत नाहीत.

कोंबडी खुडूक का होते?

गावरान कोंबडी सलग १२ ते १५ अंडी देते. त्यानंतर तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, अंडाशय आकसते आणि अंडी बंद होतात. अंधारी, उबदार जागा आणि पोटाला होणारा अंड्यांचा स्पर्श यामुळे हे संप्रेरक आणखी वाढते. म्हणून अंडी रोज न उचलणाऱ्या घरात कोंबड्या लवकर खुडूक होतात.

१५ ते २० दिवस अंडी, २१ दिवस उबवण आणि दोन-तीन महिने पिल्लांचा सांभाळ, असे हे चक्र आहे. वर्षात अशी तीन, फार तर चार चक्रे होतात. गावरान कोंबडीची वार्षिक अंडी ४० ते ६० च्या आसपास राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. व्हाइट लेगहॉर्नमध्ये पिढ्यान् पिढ्या निवड करून हा गुण जवळपास काढून टाकला आहे. वनराजा, गिरीराज या सुधारित जातीही सहसा खुडूक होत नाहीत.

खुडूक की आजारी?

- खुडूक कोंबडी हात जवळ नेताच पिसे फुलवते, चोच मारते आणि खुडूक-खुडूक आवाज काढते.
- छातीखालची पिसे उपटते. दिवसातून एक-दोनदाच उठते, खाते-पिते आणि मोठी, घट्ट विष्ठा टाकून परत बसते.
- आजारी कोंबडी प्रतिकार करत नाही. डोळे मिटून, पंख पाडून बसते. पातळ हिरवी-पांढरी विष्ठा, श्वासाची घरघर किंवा मान वाकडी होणे ही मानमोडीची (राणीखेत) लक्षणे असू शकतात. अशी कोंबडी लगेच वेगळी करून पशुवैद्यकांना दाखवावी.

कधी बसवावी, कधी उठवावी?

सोयाबीन काढणीनंतर, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पिल्ले काढण्यास उत्तम आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. साठवलेली अंडी उष्णतेने खराब होतात, कोंबडी धापा टाकत अंड्यांवरून उठते आणि पिल्ले कमी निघतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात खुडूक झालेली कोंबडी शक्यतो उठवावी. कळपात कोंबडा नसेल, कोंबडी अशक्त असेल किंवा घरचा भर अंडीविक्रीवर असेल, तरीही उठवणेच योग्य.

उठवण्याची पद्धत

थंड पाण्यात बुडवणे, नाकात पीस घालणे, पाय बांधून उपाशी ठेवणे हे उपाय क्रूर आहेत आणि त्याने कोंबडी खंगते. डालग्याखाली कोंडल्यास अंधार आणि ऊब मिळून उलटाच परिणाम होतो.

१. तळाला जाळी किंवा बांबूच्या पट्ट्या असलेला पिंजरा जमिनीपासून फूटभर उंच ठेवावा. पोटाला खालून वारा लागला पाहिजे.
२. पिंजरा सावलीत पण उजेडात ठेवावा. आत भुसा किंवा गोणपाट टाकू नये.
३. खाद्य आणि पाणी भरपूर द्यावे.
४. तीन-चार दिवसांनी सोडून पाहावे. परत त्याच जागी बसल्यास आणखी दोन-तीन दिवस ठेवावे.

लवकर उठवलेली कोंबडी साधारण दोन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते.

बसवताना घ्यायची काळजी

- ८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा. दुकानातील फार्मची अंडी फळलेली नसतात, ती उबवायला ठेवू नयेत.
- मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडावीत. ती धुऊ नयेत. निमुळते टोक खाली ठेवून माठाजवळच्या थंड जागी साठवावीत. हिवाळ्यात सात दिवसांपेक्षा, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊ नयेत.
- कोंबडीच्या पंखांखाली पूर्ण झाकली जातील एवढीच, म्हणजे १० ते १२ अंडी ठेवावीत. सर्व अंडी एकाच दिवशी, संध्याकाळी ठेवावीत.
- बसवण्यापूर्वी उवा-पिसवा तपासाव्यात. त्या जास्त असतील तर कोंबडी अंडी सोडून उठते. टोपलीत कोरडा भुसा किंवा कडब्याचा चुरा घालावा. मांजर, मुंगूस, साप पोहोचणार नाहीत अशी जागा निवडावी.
- सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या उजेडात अंडी पाहावीत. लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे फळलेले आहे. आरपार स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत.
- खाद्य-पाणी जवळच ठेवावे. १८ व्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये.

कडकनाथ, वनराजा, गिरीराज यांची फळलेली अंडीही गावरान कोंबडीखाली उबवता येतात. मात्र वनराजा आणि गिरीराज या संकरित असल्याने घरच्या कळपातून काढलेल्या पुढच्या पिढीत तेवढेच उत्पादन मिळत नाही.

पिल्ले निघाल्यावर

पिल्लांना उथळ भांड्यात खडे टाकून पाणी द्यावे आणि मका-ज्वारीच्या बारीक भरड्यासोबत पिल्लांचे खाद्य द्यावे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात टाकून घ्यावी. गावरान पिल्ले दगावण्याचे मोठे कारण मानमोडी असल्याने ही लस चुकवू नये. एका कुपीत अनेक पिल्लांची मात्रा असते आणि फोडलेली लस उरवून ठेवता येत नाही. म्हणून गल्लीतील चार-पाच घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात, म्हणजे एका कुपीत सर्वांचे काम होते.

तीन-चार आठवड्यांनी पिसे आल्यावर पिल्ले वेगळी केली, तर कोंबडी लवकर अंड्यावर येते. थंडीच्या रात्री मात्र वेगळ्या केलेल्या पिल्लांना बल्बची ऊब द्यावी. दहा कोंबड्यांपैकी दोन-तीन चांगल्या बसणाऱ्या कोंबड्या पिल्लांसाठी राखाव्यात आणि बाकीच्या खुडूक होताच उठवाव्यात. असे केल्यास घरात अंडीही राहतात आणि कळपही वाढतो. लसीकरणासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, तर इतर मार्गदर्शनासाठी सगरोळी किंवा पोखर्णी येथील कृषी विज्ञान केंद्रात संपर्क साधावा.