नवसाची एसटी

जव्हार-मोखाड्यात आजही रेल्वे नाही. लांबच्या प्रवासाला एसटीचाच आधार. म्हणूनच सचिन पिळगावकरांचा २००४ सालचा 'नवरा माझा नवसाचा' इकडे आपला वाटतो. नवस फेडायला गणपतीपुळ्याला निघालेलं जोडपं, भरलेली एसटी आणि कंडक्टर अशोक सराफ! नवस बोललेला आणि मन्नत मागितलेला आपल्याकडे एकाच बाकावर बसतो, त्यामुळे आम्ही मुसलमानही त्यावर पोटभर हसलो.

दुसरा भाग वीस वर्षांनी, २० सप्टेंबर २०२४ रोजी आला. काही प्रेक्षक जुन्या आठवणींत रमले, काहींना पहिल्याची सर आली नाही. या वेळी प्रवास कोकण रेल्वेचा आणि सराफ टीसी. हसू आलं, पण नजर एसटीच शोधत राहिली.