परिचारिकेची डॉक्टरेट व कोतवालबुकें

भंडारा जिल्ह्यांतील जवाहरनगर हें जुन्या कागदांच्या शोधकांच्या वाटेवरचें गांव नव्हे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत तेथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला आणि त्याच्या आश्रयानें ही वसाहत वाढली. जेथें वस्तीच साठ-पांसष्ट वर्षांची, तेथें दप्तरें, सनदा व बाडें कोठून मिळणार, असें कोणासहि वाटेल. तथापि ह्या भागांतील एखाद्या परिचारिकेनें लोकांच्या आरोग्याविषयीं डॉक्टरेटची पदवी घेण्याचें मनांत आणिलें, तर तिला लागणारें एक मोठें साधन इस्पितळांत नसून जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत आहे. तें साधन म्हणजे भोंवतालच्या जुन्या गांवांचीं कोतवालबुकें. त्यांची योग्यता काय, तीं वाचावीं कशीं व राखावीं कोणीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ह्या पदवीचें स्वरूप पाहूं. नित्याच्या परिचर्येंत परिचारिकेची दृष्टि समोरच्या खाटेवरील एका रोग्यावर असते. लोकारोग्याच्या अभ्यासांत रोगी म्हणजे सबंध गांव, तालुका किंवा जिल्हा. अमक्या आळींत मुलें अधिक कां दगावतात, अमक्या गांवच्या बाळंतिणी शेजारच्या गांवापेक्षां अधिक कां मरतात, असे त्यांतील प्रश्न. त्यांचें उत्तर देण्यास नुसतें मेलेल्यांचें गणित पुरत नाहीं. जन्मले किती व जगले किती, हेंहि कळावें लागतें.

हा विचार आपल्याकडे अगदींच नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थाता म्हणजे परिचर्या करणारा. उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्यावर प्रेम व शुचिता हे त्याचे चार गुण. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानांतील तिसऱ्या अध्यायाचें नांव जनपदोद्ध्वंसनीय. माणसांची प्रकृति, आहार व वय भिन्न असतां एकाच व्याधीनें सारा प्रदेश एका वेळीं उद्ध्वस्त कां होतो, असा तेथें प्रश्न आहे. आणि वायु, उदक, देश व काल हे सर्वांस समान असून ते बिघडले म्हणजे असें होतें, असें उत्तर आहे. एका अध्यायांत उपस्थाता, दुसऱ्यांत जनपद. ह्या दोहोंची गांठ मात्र त्या ग्रंथांत पडलेली दिसत नाहीं. परिचर्येंतील आजच्या डॉक्टरेटचें कार्य ती गांठ घालण्याचें आहे.

अर्वाचीन काळांत ती गांठ प्रथम घातली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें, आणि तीहि कागदांच्या जोरावर. हिंदुस्थानांतील सैन्याच्या आरोग्याच्या चौकशीसाठीं १८५९ सालीं कमिशन नेमलें गेलें. ठिकठिकाणच्या छावण्यांकडे प्रश्नावली गेली. आलेल्या उत्तरांचे गठ्ठे तपासून ह्या बाईनें आपलें मत लिहिलें. १८६३ सालच्या त्या अहवालांत गोऱ्या सैन्याचा मृत्यु हजारीं ६९ दिला आहे, आणि त्यांतील बहुतेक मृत्यु लढाईंत नव्हे, तर घाण पाणी, दाटीच्या बराकी व ज्वर ह्यांनीं झालेले आहेत. ती हिंदुस्थानांत एकदांहि आली नाहीं. तरी पुढें खेड्यांच्या स्वच्छतेविषयीं पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं तिचा पत्रव्यवहार होता.

मराठी स्त्रियांच्या विद्येच्या इतिहासांतहि ह्या विषयाशीं जवळचें एक उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी ह्यांस १८८६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें एम्. डी. ची पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध परिचर्येचा नव्हे, प्रसूतिशास्त्राचा; परंतु आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्याचा विषय असून त्यास जुन्या संस्कृत ग्रंथांचा आधार होता. वैद्यकाच्या प्रबंधास जुनीं पुस्तकें लागतात, हें त्यांनीं तेव्हांच दाखविलें.

परिचारिकांस स्वतःच्या शास्त्रांत डॉक्टरेट मिळण्यास आपल्या देशांत पुढें शंभर वर्षें लागलीं. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भोर कमिटीच्या अहवालाप्रमाणें तेव्हां सगळ्या देशांत परिचारिका सुमारें ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागें एक. गांवोगांव हिंडून आरोग्य पाहणाऱ्या स्त्रिया अवघ्या ७५०. जेथें शुश्रूषेसच माणसें नव्हतीं, तेथें संशोधनास कोठून मिळणार? त्याच सालीं दिल्लीस परिचर्येचें कॉलेज निघालें. तेथें १९८६ पासून एम्. फिल. व १९९२ पासून पीएच. डी. ची सोय झाली. महाराष्ट्रापुरतें पाहतां १९९८ सालीं नाशिक येथें आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. अशा रीतीनें विद्या सिद्ध झाली. प्रश्न साधनांचा उरला.

आतां मूळ विषयाकडे वळूं. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोंसले वारले व पुढें त्यांचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला व भंडारा त्यांत गेला. ह्या प्रांतांत गांवच्या जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर देण्याचें काम गांवच्या कोतवालाकडे होतें. ज्या पुस्तकांत ह्या वर्द्या चढत, त्यांसच लोक कोतवालबुक म्हणतात. त्यांत बहुधा तारीख, गांव, बापाचें नांव, जात, स्त्री कीं पुरुष, आणि मृत्यु असल्यास वय व कारण इतकें सांपडतें. उरलेलीं पुस्तकें आज बहुतेक तहसील कचेऱ्यांच्या दप्तरखान्यांत आहेत. तीं उघडतात तीं जातीच्या दाखल्यासाठीं. आजोबा-पणजोबांच्या नांवापुढें कोणती जात लिहिली आहे एवढें पाहून पान मिटतें. आरोग्याच्या दृष्टीनें तीं वाचणारा क्वचित् आढळतो.

हीं पुस्तकें भाबडेपणानें वाचूं नयेत. मृत्यूच्या कारणांत ज्वर हा शब्द पानोपानीं येतो. हिंवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग, सारें ह्या एका शब्दांत लोटलेलें असतें. वर्दी देणारा वैद्य नव्हता व लिहिणाऱ्यानें रोगी पाहिला नव्हता. जन्मून दोन-चार दिवसांत गेलेलें मूल पुष्कळदां जन्मांतहि लिहिलेलें नाहीं व मृत्यूंतहि नाहीं. आणि मोठ्या संकटाच्या वेळीं पुस्तक मुकें होतें. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं व मध्यप्रांत त्यांत फारच पोळला. परंतु नोंद करणारेच आजारी पडल्यामुळें नोंदीचें काम विस्कळीत झालें, असें १९२१ च्या खानेसुमारीच्या अहवालांत म्हटलें आहे. त्या सालचीं रिकामीं पानें म्हणजे गांव सुखरूप होतें, असा अर्थ करणारा फसेल.

तरी ह्याच पुस्तकांतून एक गोष्ट काढतां येते, आणि ती काढण्यास परिचारिकेचें ज्ञान व संशोधकाची चिकाटी दोन्ही लागतात. समजा, एका पानावर अमक्याच्या घरीं मुलगी जन्मल्याची नोंद आहे. आईचें नांव नाहीं. पुढें तीन आठवड्यांनीं त्याच घरची वीस-बावीस वर्षांची स्त्री ज्वरानें मेल्याची नोंद आहे. कारकुनाच्या दृष्टीनें ह्या दोन वेगळ्या ओळी. प्रसूतीचें काम केलेल्या परिचारिकेस मात्र तत्काळ शंका येईल कीं, हा बाळंतज्वर तर नव्हे? बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आंतील मृत्यु मातृमृत्यूंत मोजण्याचा आजचा संकेत आहे. त्या मर्यादेंत जन्माची ओळ व मृत्यूची ओळ घरागणिक जुळवीत गेल्यास, ज्या स्त्रियांचें मरण ज्वर ह्या शब्दाखालीं झांकलें गेलें, त्यांची मोजदाद कांहीं अंशीं तरी होऊं शकेल. भोर कमिटीनें देशभर वर्षास दोन लाख स्त्रिया बाळंतपणांत मरतात असा अंदाज दिला होता. तो अंदाजच होता. एका तालुक्यापुरता त्याचा पडताळा ह्या पुस्तकांत पडून आहे.

ह्या कामीं वंशावळ्या जुळविणाऱ्या आपल्या वाचकांचें साह्य अमोल आहे. एकाच नांवाचे दोन गृहस्थ निराळे कसे ओळखावे, गांवाच्या नांवाचीं भिन्न रूपें कशीं लावावीं, नोंद मोडींत असल्यास ती कशी उलगडावी, ही विद्या परिचर्येच्या कॉलेजांत शिकवीत नाहींत; ती आपल्याकडे आहे. उलट ज्वर शब्दाच्या पोटांत काय काय असूं शकतें, हें आपण सांगूं शकत नाहीं. तें तिनें सांगावें. मात्र एक पथ्य दोघांनींहि पाळावें. ह्या पुस्तकांत जात व घराणें उघड लिहिलेलें असतें, व त्यांचे वंशज हयात आहेत. आंकडे छापावे, नांवें छापूं नयेत.

शेवटीं राखणीची गोष्ट. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा आल्यावर जुनीं पुस्तकें व्यवहारांतून उतरलीं. त्यांचा कागद हलका. दाखल्यासाठीं पुनःपुन्हां हाताळल्यानें कडा झिजतात, आणि कडेसच बहुधा तारीख असते. जातीचा रकाना शाबूत राहून तारीख गेली, तर दाखल्याचें काम कदाचित् भागेल, परंतु वर सांगितलेली जुळणी कायमची बुडेल. कचेरींतील मूळ पुस्तक कचेरींतच असावें. तें घरीं आणण्याचा मोह संग्राहकानें धरूं नये. परंतु परवानगीनें पानांची छायाचित्रें घ्यावीं, कोणत्या गांवचें कोणत्या सालचें पुस्तक आहे व मध्यें कोणतीं सालें गहाळ आहेत ह्याची यादी करावी, आणि जुन्या दवाखान्यांचीं, मिशनच्या इस्पितळांचीं व सुइणींचीं टिपणें रद्दींत जात असल्यास तीं वेळींच सोडवावीं. आपण ताम्रपट जपले, कारण त्यांत राजांचीं दानें होतीं. कोतवालबुकांत ज्यांचें नांवहि लिहिलें गेलें नाहीं अशा आया आहेत. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील वाचकांनीं आपापल्या तालुक्यापुरती अशी यादी करून मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.