दगडाला आजोबा म्हणणारी माणसं

मराठीत एखाद्याला 'दगड' म्हणून पाहा, भांडण ठरलेलं! कॅनडातल्या क्री आदिवासींच्या भाषेत दगडाला 'असिनी' म्हणतात, आणि त्या भाषेचं व्याकरण त्याला सजीव मानतं. आपल्या नामांना तीन लिंगं. क्रीमध्ये सजीव आणि निर्जीव अशी दोनच घरं. माणूस, अस्वल आणि दगड एकाच घरात राहतात. दगडातून कोरलेली विधीची चिलीमही तिथंच. घाम काढून शुद्ध होण्याच्या विधीत तापलेले दगड आत आणतात, तेव्हा त्यांना 'आजोबा' म्हणून हाक मारतात.

अशा भाषेत वाढलेला माणूस दगडाला छिन्नी लावतो, तेव्हा ते निर्जीव वस्तूला आकार देणं राहत नाही.

अल्बर्टा प्रांतात व्हायकिंग नावाचं गाव आहे. त्याच्याजवळच्या एका टेकाडावर क्वार्टझाइटचे दोन धोंडे आहेत. युरोपियन येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्यावर खोल चऱ्या कोरल्या गेल्या. मधली लांब चर म्हणजे पाठीचा कणा, आडव्या चऱ्या म्हणजे फासळ्या. गवताळ प्रदेशातला बायसन, तिकडचा दांडगा गवा, जणू जमिनीत अर्धा रुतून बसलाय. क्वार्टझाइट फार कठीण. लोखंडी अवजाराशिवाय, दगडानं दगड घासून हे केलेलं! शिकारीवर जगणारे क्री इथं तंबाखू ठेवत. आमच्या घरात दगडाला देव म्हणायची रीत नव्हती. पण इथं दगड देव नाहीच, तो नातलग आहे. नातलगाकडून काही घ्यायचं तर आधी त्याला काही द्यावं, एवढीच ती शिकवण.

1880 च्या सुमारास बायसनचे कळप संपले. मग 1895 मध्ये कॅनडा सरकारनं कायद्यात दुरुस्ती करून, ज्या विधींमध्ये वस्तू वाटल्या जात ते विधी गुन्हा ठरवले. म्हणजे देणंच गुन्हा! ही बंदी 1951 पर्यंत टिकली. तोवर मुलं निवासी शाळांत नेली गेली होती, आणि तिथं क्री बोललं तर शिक्षा होई. 'आजोबा' हा शब्दच तोंडातून गेला, तर दगड पुन्हा दगडच उरतो.

सस्कॅचवान प्रांतात एल्बो गावाजवळ सुमारे 400 टनांची एक शिळा होती, बसलेल्या बायसनसारखी. बायसननी वाढवलेला एक मुलगा शेवटी शिळा झाला, अशी तिची कथा. गार्डिनर धरणाच्या जलाशयात ती बुडणार होती. हलवायला पैसे जमले नाहीत आणि 1966 मध्ये ती सुरुंगानं फोडली. धरणाखाली गाव गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तरीही हात थांबले नाहीत. एडमंटनच्या ईशान्येला सॅडल लेक हे क्री गाव आहे. तिथले शिल्पकार स्टीवर्ट स्टाइनहावर ग्रॅनाइट कोरतात. मऊ दगड निवडून काम सोपं करता आलं असतं, पण त्यांनी ग्रॅनाइट घेतला. त्यांच्या कामात अस्वल पुन्हा पुन्हा येतं. 'स्वीटग्रास' हे सुगंधी गवत क्री लोक वेणीसारखं गुंफतात आणि प्रार्थनेच्या वेळी त्याचा धूर करतात. त्या गवताचं नाव लावलेलं त्यांचं एक अस्वल अल्बर्टा विद्यापीठाच्या आवारात बसलं आहे. वर्गाकडे धावणारी पोरं त्याच्या शेजारून जातात.