पतंग चिकटवलेलं पान

काही वर्षांपूर्वी मी एका ओपन सोर्स एडिटरमध्ये ट्रेकचं वर्णन लिहीत होतो. 'दऱ्या' लिहिलं होतं, फाईलमध्ये दिसलं 'दर्या'. सह्याद्रीत थेट समुद्र! तावातावाने बग टाकला: "मराठी नीट दिसत नाही." दोन दिवसांत उत्तर आलं, "माझ्याकडे नीट दिसतंय", आणि बग बंद. फुकट काम करणाऱ्या त्या माणसावर मी भयंकर चिडलो. मग इतिहास वाचत बसलो, आणि राग हळूहळू माझ्याकडेच वळला.

'बग' हा शब्द संगणकाहून जुना. एडिसनने १८७८ साली एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक अडचणींना बग म्हटलं होतं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू संगणकात मात्र खराखुरा पतंग सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवला, शेजारी वेळ लिहिली, जागा लिहिली: पॅनेल एफ, रिले ७०. ग्रेस हॉपर पुढे हा किस्सा रंगवून सांगत. ते पान आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. लोक पतंगाला हसतात, मला ती नोंद आवडते. काय, कुठे, कधी. त्रागा नाही.

पण तिथे यंत्र आणि ते दुरुस्त करणारे एकाच खोलीत होते. ओपन सोर्समध्ये बिघडतं माझ्या टेबलावर आणि दुरुस्त करणारा असतो सातासमुद्रापलीकडे. १९९८ मध्ये मोझिलाने बगझिला आणलं, तक्रारींना नंबर मिळाले. पण तक्रार लिहायची कशी? 'पुटी'चा कर्ता सायमन टॅथम याने १९९९ मध्ये त्यावर एक निबंध लिहिला. सार असं: प्रोग्रॅमरला बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल इतक्या नेमक्या पायऱ्या द्या. काय दिसलं ते आधी सांगा. तुमचं निदान वेगळं ठेवा.

हे किती मोलाचं ते २०२४ मध्ये जगाने पाहिलं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं. त्याने खणत जाऊन २९ मार्चला मोजमापं, आवृत्त्या, सगळं मांडलं: एक्सझेड या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता!

माझा बग एवढा थोर नव्हता. पण पुन्हा लिहायला बसलो, एकेक पायरी करून पाहिली, आणि लक्षात आलं की टाईप करताना 'दऱ्या' बरोबरच दिसतं. फाईल सेव्ह करून पुन्हा उघडली की बिघडतं. म्हणजे तो बिचारा खोटं बोलला नव्हता! हेही लिहिलं की दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. मराठी न येणाऱ्याला दोन्ही सारखीच नक्षी. शेवटी, वेगळ्या ओळीत, माझी शंका: 'र्' आणि 'य' यांच्यामधलं न दिसणारं जोडचिन्ह सेव्ह करताना गळत असावं.

पुढच्या आवृत्तीत दऱ्या जागेवर आल्या. सोबत त्याचा एका ओळीचा निरोप: पायऱ्या लिहिल्याबद्दल आभार.

असो. मंडळी, पुढच्या वेळी "चालत नाही" लिहिण्याआधी त्या पतंगाची आठवण ठेवा.